वॉश बफरमधला साका: क्रम, तापमान आणि क्षार

डिटर्जंट असलेल्या वॉश बफरमध्ये साका पडण्याची कारणे मोजकी आहेत. डिटर्जंटला न मानवणारा धन आयन, न मानवणारे तापमान किंवा न मानवणारा पीएच ही त्यांतली तीन. चौथे कारण मिसळण्याच्या उलट्या क्रमाचे, आणि ते पाककृती अगदी बरोबर असतानाही घडते. पहिल्या तिन्हींचा दोष कृतीच्या कागदावर शोधावा लागतो, चौथ्याचा हातात. बाटलीत मात्र सगळीकडे तोच पांढरेपणा दिसतो, म्हणून उपाय निवडताना गोंधळ होतो.

प्रयोगशाळांत यावर दोन मते ऐकू येतात. एका मताने क्रम गौण आहे. शेवटी बाटलीत काय किती आहे एवढेच महत्त्वाचे, आणि साका दिसला तर गरम करून विरघळवावा. दुसऱ्या मताने गरम करणे ही नंतरची डागडुजी. क्रम पाळला तर साका पडतच नाही. पुढील संवादात पहिले मत एका संशोधक विद्यार्थिनीचे आहे आणि दुसरे बफर करण्यात अनेक वर्षे घालवलेल्या एका तंत्रज्ञाचे. दोघांचेही म्हणणे काही ठिकाणी खरे ठरते आणि काही ठिकाणी अपुरे पडते.

वादाच्या केंद्रस्थानी बहुधा एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट असते. या रेणूला बारा कार्बनची तेलकट शेपटी आणि टोकाला ऋणभारित सल्फेट असते. पाण्यात त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की रेणू शेपट्या आत वळवून गोळा होतात. या पुंजक्यांना मायसेल म्हणतात. शुद्ध पाण्यात २५ अंश सेल्सिअसला ही मर्यादा सुमारे ८ मिलिमोलर, म्हणजे ०.२३ टक्क्यांच्या आसपास आहे. मीठ असले की ती बरीच खाली येते. एसडीएस पाण्यात इतके भरपूर विरघळते ते या मायसेलांमुळे. ठरावीक तापमानाखाली मात्र मायसेल बनत नाहीत आणि एसडीएस स्फटिकरूपात बाहेर पडते. या सीमेला क्राफ्ट तापमान म्हणतात. १० टक्के स्टॉकची बाटली २० अंशांच्या खाली उतरू लागली की पांढरी पडते ती यामुळेच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा टेबलावर ठेवलेला स्टॉक सकाळी गोठल्यासारखा मिळतो. त्यात बिघाड काही नसतो. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून हलवला की तो पुन्हा पारदर्शक होतो. पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया दोन गोष्टींत आहे: मीठ वाढले की क्राफ्ट तापमान वर सरकते, आणि सोडियमच्या जागी पोटॅशियम आला की ते खोलीच्या तापमानाच्याही वर जाते.

पहिले उदाहरण ब्लॉट धुण्याच्या बफरचे. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनए जेलमधून पडद्यावर उतरवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या प्रकारचे पडदे धुण्यासाठी आजही एसएससी आणि एसडीएसचे मिश्रण वापरतात. २०-पट एसएससीमध्ये ३ मोलर सोडियम क्लोराइड आणि ०.३ मोलर सोडियम सायट्रेट असते, पीएच ७. एक लिटर २-पट एसएससी आणि ०.१ टक्का एसडीएस करायचे तर १०० मिलिलिटर २०-पट एसएससी, १० मिलिलिटर १० टक्के एसडीएस आणि ८९० मिलिलिटर पाणी, इतका हिशेब सरळ आहे.

"काका, हे तीन आकडे ठरलेले आहेत," विद्यार्थिनी म्हणते. "कुठलाही द्रव आधी ओतला तरी शेवटी लिटरभर तेच मिश्रण होणार. २-पट एसएससीमध्ये ०.१ टक्का एसडीएस २५ अंशांना विरघळलेले राहते. मग वाटेत थोडा साका पडला तरी तो परत विरघळायलाच हवा. समतोल अवस्थेला वाट कुठली घेतली याची आठवण नसते."

"मॅडम, विरघळतो, पण तुम्ही वापरायला घ्याल तोपर्यंत विरघळतो का, हा माझा प्रश्न," तंत्रज्ञ म्हणतो. "सिलिंडरमध्ये आधी १०० मिलिलिटर एसएससी घेतले आणि त्यात एसडीएस सोडले, तर ते थेंब जवळजवळ ४ मोलर सोडियममध्ये पडतात. तिथे ते लगेच पांढऱ्या गुठळ्या धरतात. वरून पाणी घातले की बाहेरचा थर सुटतो, आतला तसाच राहतो. गुठळ्या तळाशी बसतात, नाहीतर फेसाबरोबर वर येतात. आधी ८०० मिलिलिटर पाणी घ्या, त्यात एसएससी घालून नीट ढवळा, मग एसडीएस बाजूने हळू सोडा, शेवटी पाण्याने खूण गाठा. गुठळी दिसणारच नाही."

चार मोलर हा आकडा अतिशयोक्त नाही. ३ मोलर सोडियम क्लोराइडचे आणि सायट्रेटच्या प्रत्येक रेणूमागे तीन याप्रमाणे ०.९ मोलर, असे मिळून ३.९ मोलर सोडियम २०-पट एसएससीमध्ये असते. दहापट पातळ केल्यावर ते ०.३९ मोलर उरते. इतक्या सोडियमला एसडीएसचे क्राफ्ट तापमान खोलीच्या तापमानाच्या थोडेच खाली राहते, म्हणून अंतिम मिश्रण नेहमीच्या खोलीत पारदर्शक दिसते आणि गार खोलीत धूसर होते. विद्यार्थिनीचा सिद्धांत बरोबर आहे, पण तो वेळेबद्दल काही सांगत नाही. स्फटिक बनायला क्षण लागतो, विरघळायला मिनिटे किंवा तास लागतात, आणि त्यातही गुठळी मोठी असेल तर आणखी वेळ. तेवढ्या वेळात कुणी बफर ओतून घेतला तर पहिल्या पडद्याला एसडीएस कमी मिळते आणि शेवटच्याला जास्त. मायक्रोॲरेच्या काचपट्टीवर तर एसडीएसचा कण चिकटून वाळला की स्कॅनरला पार्श्वभूमी चकाकताना दिसते. म्हणूनच तिथे शेवटची धुलाई एसडीएस नसलेल्या पातळ एसएससीने करतात. योग्य क्रमाला ना जास्त वेळ लागतो ना जास्त खर्च. या उदाहरणात तंत्रज्ञाचाच मार्ग धरावा.

पण याच तंत्रज्ञाचा क्रम दुसऱ्या उदाहरणात निरुपयोगी ठरतो. नेहमीच्या फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, म्हणजे पीबीएसमध्ये, १३७ मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २.७ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि १.८ मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट असते. एकूण पोटॅशियम ४.५ मिलिमोलर. ०.१ टक्का एसडीएस म्हणजे सुमारे ३.५ मिलिमोलर. दोन्ही आकडे लहान वाटतात, पण पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानालाही फारच कमी विरघळते. मिश्रण २५ अंशांना कसेबसे काठावर राहते आणि बर्फावर ठेवताच दुधाळ होते.

"इथे मीही पाणी आधी, मीठ नंतर, एसडीएस शेवटी घातले," तंत्रज्ञ सांगतो. "तरी थंड खोलीत बाटली पांढरी झाली."

"मग ३७ अंशांना ठेवू या," विद्यार्थिनी म्हणते. "विरघळेल."

"विरघळेल, आणि पडदा धुताना परत पडेल."

दोघेही इथे एकाच ठिकाणी अडतात, कारण दोष हाताचा नाही आणि वाटेचाही नाही. ज्या तापमानाला बफर वापरायचा आहे त्या तापमानाला ही कृतीच विद्राव्य नाही. उपाय कागदावर करावा लागतो. पोटॅशियमचे दोन्ही क्षार काढून त्यांच्या जागी सोडियम क्लोराइड आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट घ्यावे. धुण्याच्या कामात पोटॅशियम नसल्याने सहसा काहीच बिघडत नाही. ट्रिस बफर सलाइन घेतले तरी आधी कृती वाचावी, कारण टीबीएसच्या काही प्रचलित कृतींतही २.७ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड असते. थंडीतच काम करणे अपरिहार्य असेल तर लिथियम डोडेसिल सल्फेट हा पर्याय आहे. ते ४ अंशांनाही विरघळलेले राहते.

पोटॅशियम आणि एसडीएसचे हे वैर जीवरसायनशास्त्राने मुद्दाम वापरूनही घेतले आहे. जिवाणूंतून प्लाझ्मिड काढण्याची अल्कलाइन लायसिस पद्धत बर्नबॉइम आणि डोली यांनी १९७९ मध्ये मांडली. तिच्या आज रूढ असलेल्या रूपात, पेशी फोडल्यावर पोटॅशियम ॲसिटेट घालतात तेव्हा जो दाट पांढरा साका पडतो त्यात पोटॅशियम डोडेसिल सल्फेट असते आणि त्याच्याबरोबर प्रथिने व गुणसूत्री डीएनएही खाली जातो. तिथे हवाहवासा असलेला साका वॉश बफरमध्ये का नको, हेही यातून कळते: एसडीएस एकटे खाली जात नाही, प्रथिनेही ओढून नेते.

पोटॅशियम बफरमध्ये न दिसणाऱ्या वाटांनीही शिरतो. पीएच वाढवण्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली हातात आली की प्रत्येक थेंबाभोवती पांढरे वलय उठते. त्याहून छुपी वाट पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडची आहे. नेहमीच्या इलेक्ट्रोडमध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण भरलेले असते आणि ते टोकाच्या सच्छिद्र भागातून किंचित झिरपत राहते. असा इलेक्ट्रोड एसडीएस असलेल्या बफरमध्ये बुडवला तर त्या छिद्रांतच साका बसतो. आकडा स्थिर होत नाही आणि इलेक्ट्रोड निकामी होऊ लागतो. म्हणून पीएच एसडीएस घालण्यापूर्वी लावावा. या नियमावर विद्यार्थिनीलाही हरकत घेता येत नाही, कारण तो केवळ सवयीचा प्रश्न नाही.

पाण्याचेही असेच. कॅल्शियम डोडेसिल सल्फेट पोटॅशियमच्या क्षारापेक्षाही हट्टी असते. दख्खनच्या पठारावर बोअरवेलचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. अशा पाण्याने विसळून वाळवलेल्या बाटलीच्या भिंतीवर जो पांढुरका थर राहतो तो एसडीएस ओळखते. शेवटची विसळणी डीआयोनाइज्ड पाण्यानेच व्हावी.

तिसरे उदाहरण क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनच्या धुलाईचे. चारही बफर ४ अंशांना वापरायचे असतात, म्हणून इथे दोन्ही मतांची खरी परीक्षा होते. कमी मिठाच्या बफरमध्ये प्रचलित कृतीनुसार ०.१ टक्का एसडीएस, १ टक्का ट्रायटन एक्स-१००, २ मिलिमोलर ईडीटीए, २० मिलिमोलर ट्रिस आणि १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड असते. जास्त मिठाच्या बफरमध्ये तेच मीठ ५०० मिलिमोलर होते.

"काका, तुमच्या हिशेबाने हा बफर बर्फावर पांढरा पडायला हवा," विद्यार्थिनी विचारते. "इतके मीठ आणि ४ अंश. तरी तो स्वच्छ कसा राहतो?"

"ट्रायटनमुळे. पण ट्रायटन आधी घाला, एसडीएस शेवटी."

त्याचे उत्तर बरोबर आहे आणि त्यामागचे कारण रसायनशास्त्राचे आहे. ट्रायटनला भार नसतो. त्याचे मायसेल थंडीतही टिकतात. एसडीएसचे रेणू त्या मायसेलांत मिसळून जातात, त्यांचे ऋणभारित टोक एकमेकांपासून दूर राहते आणि स्फटिक जुळायला जागा मिळत नाही. इथे ट्रायटन एसडीएसच्या दहापट आहे, म्हणून एसडीएसचा बहुतेक भाग मिश्र मायसेलांत जातो. एसडीएस आधी मिठाच्या पाण्यात टाकले आणि ट्रायटन नंतर, तर गार पाण्यात मधल्या वेळेत साका दिसू शकतो. पण बफर खोलीच्या तापमानाला बनवून मग थंड केला तर हा प्रश्नही उरत नाही. सगळे द्रव पदार्थ आधी खोलीच्या तापमानाला आणावे आणि तयार बफरच बर्फावर ठेवावा. गार पाण्यात स्टॉक ओतण्याची घाई करू नये.

याच मालिकेतल्या लिथियम क्लोराइडच्या बफरमध्ये एसडीएसच्या जागी १ टक्का सोडियम डीऑक्सिकोलेट असते. हे पित्तातल्या आम्लाचे मीठ. त्याचा पीकेए साडेसहाच्या आसपास आहे, म्हणून पीएच ७ च्या जवळ आला की त्याचे आम्लरूप जमू लागते. ते फारसे विरघळत नाही. कधी पांढरे कण पडतात, कधी सगळा बफर जेलीसारखा घट्ट होतो. इथे गरम करण्याचा सल्ला तात्पुरता दिलासा देतो आणि दिशाभूल करतो, कारण प्रश्न आम्लतेचा असतो. ट्रिसचा पीएच आधी ८ वर आणावा, ईडीटीए आधीच घालावे म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधले जातील, आणि डीऑक्सिकोलेटचा १० टक्के स्टॉक शेवटी. डीऑक्सिकोलेट घातल्यानंतर पीएच खाली आणायला हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर थेंब जिथे पडतो तिथे साका धरतो आणि तो सहज परत जात नाही. ट्रिसचा एक गुण इथे उपयोगी पडतो: तापमान एक अंशाने उतरले की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने वाढतो. २५ अंशांना ८.० लावलेला बफर ४ अंशांना ८.६ च्या जवळ जातो. थंडीत डीऑक्सिकोलेटला त्याचा आधारच मिळतो. उलट तोच बफर ३७ अंशांना नेला तर पीएच ७.७ पर्यंत उतरतो.

गरम करण्याच्या मताला सगळ्यात मोठा धक्का अभारित डिटर्जंट देतात. ट्वीन आणि ट्रायटन यांची विद्राव्यता पाण्याच्या रेणूंशी असलेल्या हायड्रोजन बंधांवर टिकते आणि तापमान वाढले की हे बंध ढिले होतात. एका तापमानाच्या वर द्रावण अचानक धूसर होते आणि डिटर्जंट वेगळा थर धरतो. त्याला क्लाउड पॉइंट म्हणतात. ट्रायटन एक्स-१०० साठी तो ६५ अंशांच्या आसपास आहे, तर साखळीने थोड्या आखूड असलेल्या ट्रायटन एक्स-११४ साठी २२ च्या आसपास. बॉर्डिए यांनी १९८१ मध्ये एक्स-११४ च्या याच गुणाने पेशीपटलातली प्रथिने वेगळी केली. मीठ, विशेषतः फॉस्फेट, क्लाउड पॉइंट आणखी खाली आणते. म्हणून एसडीएसचा धूसरपणा घालवणारी ऊब ट्रायटनचा धूसरपणा आणते. ऑटोक्लेव्हमधून काढलेली ट्वीनची बाटली ढगाळ दिसते ती यामुळे. थंड होताना ती पुन्हा पुन्हा हलवली नाही तर डिटर्जंट तळाशी जाड थरात राहतो. याहून चांगला मार्ग म्हणजे मिठाचा बफर आधी निर्जंतुक करावा आणि गाळून घेतलेले डिटर्जंट नंतर घालावे.

ट्वीन २० पाण्यापेक्षा जड आणि मधासारखे दाट असते. शंभर टक्के ट्वीन पिपेटने थेट लिटरभर बफरमध्ये सोडले की ते दोऱ्यासारखे तळाशी जाते आणि घाईत असलेल्या माणसाला साका पडल्याचा भास होतो. तो साका नसतो, न मिसळलेले डिटर्जंट असते. टोक कापलेल्या टिपने हळू ओढणे हा एक उपाय. १० ग्रॅम वजन करून १०० मिलिलिटरचा स्टॉक बनवून ठेवणे हा जास्त खात्रीचा.

एन्झाइम इम्युनोॲसेच्या किटमधील २०-पट वॉश कॉन्सन्ट्रेटवर मात्र दोघांच्या भूमिका उलट होतात. एंगवाल आणि पर्लमान यांनी १९७१ मध्ये एलायझा मांडल्यापासून प्लेट धुण्यासाठी ट्वीनयुक्त फॉस्फेट बफर सर्रास वापरात आहे. फ्रिजमधून काढलेल्या कॉन्सन्ट्रेटच्या तळाशी काचेसारखे स्फटिक दिसतात.

"मी वरचे स्वच्छ पाणी ओतून घेतो, नाहीतर गाळतो," तंत्रज्ञ म्हणतो. "साका प्लेटमध्ये जाऊ नये."

"काका, इथे तो मार्ग चुकीचा आहे," विद्यार्थिनी म्हणते. "तळाशी बसले ते ट्वीन नाही, फॉस्फेट आहे. ते फेकून दिले तर उरलेल्या बफरचा पीएच आणि मीठ दोन्ही बदलतील."

तिचे म्हणणे आकड्यांनी सिद्ध होते. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १२ ग्रॅम विरघळते, ० अंशांना दीड-पावणेदोन ग्रॅम. २०-पट पीबीएसमध्ये ते १०० मिलिलिटरमागे २.८ ग्रॅम असते, आणि तिथे आधीच भरपूर सोडियम असल्याने मर्यादा आणखी खाली जाते. फ्रिजमध्ये स्फटिक पडणे अटळ आहे. पूर्ण बाटली ३७ अंशांना ठेवून, उलटसुलट हलवून, शेवटचा स्फटिक जाईपर्यंत थांबावे आणि मगच पातळ करावे. २०-पटऐवजी १०-पट स्टॉक करून खोलीच्या तापमानाला ठेवला तर हा खटाटोप बराच कमी होतो. गाळणी ही धूळ आणि तंतू काढण्यासाठी आहे. विरघळलेल्या स्थितीत असायला हवे होते ते गाळणीवर अडकले तर गाळलेल्या बफरची कृती कागदावरच्या कृतीपेक्षा वेगळी होते.

ग्वानिडीनचा विषय थोडक्यात पुरे. ग्वानिडीनचे क्षार आणि एसडीएस एकत्र राहू शकत नाहीत. डोडेसिल सल्फेट त्यांच्याबरोबरही साका धरते, आणि ४ किंवा ६ मोलरमध्ये क्रम बदलून काही साधत नाही. खोम्चिन्स्की आणि साक्की यांनी १९८७ मध्ये आरएनए काढण्याची पद्धत दिली तेव्हा ४ मोलर ग्वानिडिनियम थायोसायनेटबरोबर ०.५ टक्के सार्कोसिल वापरले. अशा मिश्रणात सार्कोसिल विरघळलेले राहते. सिलिका स्तंभावर काम करताना एसडीएस असलेला लायसेट ग्वानिडीनच्या बफरला भेटू नये याचीही काळजी घ्यावी लागते.

बाटलीत साका दिसलाच तर आधी त्याची ओळख पटवावी. एक मिलिलिटर बफर तळाच्या कणांसह एका ट्यूबमध्ये घेऊन ३७ अंशांना पाच-दहा मिनिटे ठेवावा. स्वच्छ झाला आणि वापरायच्या तापमानाला आणल्यावर स्वच्छच राहिला, तर सगळी बाटली तशीच गरम करून, ढवळून वापरता येते. थंड करताच परत पांढरा झाला तर पोटॅशियम, मीठ किंवा साठवणीचे तापमान तपासावे. गरम केल्यावर आणखी धूसर झाला तर क्लाउड पॉइंट. तापमानाने काहीच फरक पडला नाही तर पीएच पट्टीने पीएच बघावा आणि डीऑक्सिकोलेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा विचार करावा. पट्टी वापरावी, इलेक्ट्रोड नको. कृतीतच दोष निघाला तर तो बफर टाकून नव्या कृतीने करावा. साका वारंवार विरघळवून वापरलेल्या बाटलीत शेवटी काय किती उरले हे सांगता येत नाही.

साठवणीत एसडीएसचे स्टॉक फ्रिजमध्ये ठेवू नयेत. १० टक्के स्टॉक बनवताना पावडर ६८ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात विरघळवता येते. पावडर फार हलकी असते आणि श्वासात गेली तर घसा व नाक जळते, म्हणून मास्क लावून, वाऱ्याचा झोत नसलेल्या जागी वजन करावे. बाटलीवर नाव, तारीख आणि तीव्रतेबरोबर बफर कोणत्या तापमानाखाली नेऊ नये हेही लिहिलेले असावे.